मण्याला ऐकू येतं

वहिनी,

तुमचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी द्राक्षबागेत डिपिंग लावलं, घड औषधात बुडवायचं काम. लोक काय म्हणतील हे मनात आलं नाही असं नाही. पण मणी ज्वारीएवढा झाला होता, आणि ज्वारीएवढा मणी कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. आई ओट्यावर बसून म्हणाली, "दोन दिस थांबला असतास तर बाग काय पळून जाणार व्हती का?" बाग पळून जात नाही, पण वेळ जाते, हे तिलाही माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तुमच्या कॉलेजातले एक सर दहाव्याला भेटले. कॉलेजच्या अंकात छापायला तुमच्याबद्दल काही लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, सर, मी बारावी सायन्सला आपटलेला माणूस, निफाडकडचा द्राक्षवाला. जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेवर मी काय लिहिणार? तर म्हणाले, जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं आम्ही टाकतो, तुम्ही त्यांच्याशी जसं बोलायचात तसं लिहा. म्हणून बोलतोय. मी तुमच्याशी कसा बोलायचो हे त्या सरांना माहीत असतं तर त्यांनी विचारलंच नसतं. आपण बोलायचो कुठं? भांडायचो.

पहिलं भांडण तुम्ही लग्न होऊन आलात त्याच हंगामातलं. दादाची नोकरी सातपूरला, तुमचं बिऱ्हाडही तिकडेच, पण डिपिंगच्या दिवसांत तुम्ही कॉलेजातून रजा टाकून गावाकडे आलात. आम्हाला वाटलं नवी नवरी आहे, दोन घड बुडवून फोटो काढेल आणि सावलीला बसेल. तुम्ही पदर खोचला, जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्याचा मग हातात घेतला आणि मांडवाखाली बायांच्या ओळीत उभ्या राहिलात. घडाखाली मग धरायचा, वर उचलायचा, घड पुरता बुडला की क्षणभर थांबून मग खाली घ्यायचा, हलकेच झटकायचा, पुढचा घड. संध्याकाळपर्यंत मान मोडते. पेठकडून आलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. आई ओरडली, "आगं, त्या औषधात हात नको घालू. लय बाया हायेत की कामाला!" तुम्ही म्हणालात, "आई, मी कॉलेजात हेच शिकवते. हाताला लागू दे की थोडं."

दुपारी भाकरी खाताना मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, वहिनी, बघा या औषधाची करामत, नुसतं बुडवलं की मणी लांबतो, फुगतो, चार पैसे जास्त देतो. तुम्ही घास तसाच हातात धरून म्हणालात, "औषध काहीच करत नाही, भाऊजी."

मी हसलो. वर्षानुवर्षं डबे आणतोय, आणि ही म्हणते काही करत नाही.

"औषध फक्त निरोप आहे," तुम्ही म्हणालात. "वाढ, एवढाच निरोप. तो ऐकणारा मण्याच्या आत असतो. आत ऐकणारा नसेल तर मगभर काय, बादलीभर ओता, काही होणार नाही."

तेव्हा आपल्या घरी फोन नव्हता. बापूंच्या किराणा दुकानातला नंबर सगळ्या आळीचा नंबर होता. तुम्ही त्यावरूनच मला समजावलंत. पाहुण्यांचा फोन बापूंच्या दुकानात येतो. बापू गल्लीत हाक मारतात, शेजारची काकू ती आपल्या दारात आणून टाकते, मी ती स्वयंपाकघरात पोचवतो. पण तेवढ्यानं चूल पेटते का? कोठीचं कुलूप कुणीतरी उघडावं लागतं, तेव्हा गहू निघतो, तूप निघतं, गूळ निघतो. पेशीचंही असंच, तुम्ही म्हणालात. मधोमध डीएनए असतो, सगळा साठा तिथे, पण बंद. निरोप या हातातून त्या हातात असा तिथवर जातो, आणि तिथे काही प्रथिनं असतात, ज्यांना डीएनएला हात लावता येतो. ती कुठेही हात घालत नाहीत. आपली नेमकी जागा ओळखतात, तिथंच घट्ट धरतात, आणि तेवढाच कप्पा उघडतो. मग वाढीला लागणारं सामान बाहेर येतं आणि पेशी वाढायला लागते.

"म्हणजे आमची आई," मी म्हणालो. कोठीच्या किल्ल्या आईच्या कमरेला. तिच्याशिवाय घरात मुंगीलासुद्धा साखर मिळत नसे.

तुम्हाला ठसका लागला. तेव्हापासून आई किल्ल्या वाजवत कोठीकडे निघाली की तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "भाऊजी, प्रथिन निघालं." आई विचारायची, "काय म्हणती ही?" आणि मी सांगायचो, तुझं कौतुक चाललंय. अजून तिला माहीत नाही. तुमच्या दहाव्याला ती कोठी उघडायला उठली आणि किल्ल्या वाजल्या, तेव्हा मी सवयीनं मागे वळून पाहिलं. तुमच्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं. ते कोण होतं तेही मला आठवत नाही. पण त्या माणसाचा मला इतका राग आला की मी उठून गोठ्यात गेलो.

तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतंच. मग तुम्ही विहिरीवरचा वेल पुढे केलात. आजोबांच्या वेळचा बियांच्या द्राक्षांचा वेल, त्याला कुणी विचारत नाही, पाखरं खातात. तुम्ही त्याचे काही घड त्याच मगात, त्याच पाण्यात बुडवलेत आणि त्यांना चिंधी बांधलीत. पुढे बागेतला बिनबियांचा मणी बोटाच्या पेरासारखा लांबला, आणि विहिरीवरचा होता तसा राहिला, फार तर किंचित फरक. तुम्ही दोन्ही घड माझ्यासमोर ठेवलेत. "औषध एक, मग एक, हात एक. मग हा का नाही फुगला?"

"जात येगळी हाय त्याची," मी म्हणालो.

"जात म्हणजे काय ते सांगा."

तुम्ही एक मणी फोडून बी बाहेर काढलंत. "याच्या बिया याला आतूनच वाढीचा निरोप देतात. ज्याला घरातूनच सांगणारं कुणी आहे, तो दारातल्याची हाक कशाला ऐकेल? बिनबियांच्या मण्याला आतून सांगणारं कुणी नाही, म्हणून तो बाहेरच्याची वाट बघत असतो." मी तो मणी तोंडात टाकला आणि म्हटलं, पण गोडी यालाच जास्त. त्यावर तुम्ही हात जोडलेत.

हे सगळं मला आठवायचं नव्हतं. विहिरीवरचा वेल तर मुळीच नाही. पण आता तोच आठवतो, कारण पुढे तुम्हीच तो पुन्हा माझ्यासमोर आणलात.

तुमची मुक्ता पहिलीत होती तेव्हा तुमच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. तपासणीला तुकडा मुंबईला गेला, त्याचा रिपोर्ट आला, आणि तुम्ही गावाकडे आलात. आम्ही सगळे मेलेल्या तोंडानं बसलेलो, आणि तुम्ही चक्क खुशीत. म्हणालात, "भाऊजी, माझ्या गाठीच्या पेशींत ऐकणारा आहे." मला वाटलं हिला भ्रम झाला. तुम्ही समजावून सांगितलंत. बाईच्या अंगात एक हार्मोन असतं, ते रक्तातून फिरत असतं. गाठीच्या पेशींमध्ये एक प्रथिन त्याची वाट बघत बसलेलं असतं. हार्मोन येऊन त्याच्यात बसलं की ते प्रथिन डीएनएला जाऊन धरतं, आणि पेशीला वाढायला लावतं. "ऐकणारा नसता तर हा उपाय चालला नसता. आहे, तर त्याचे कान बंद करता येतात. रोज एक गोळी. गोळी आधी जाऊन त्याच्यात बसते, मग हार्मोन आलं तरी त्याला जागाच नाही."

दादा तुमच्या बाजूला बसून नुसता मान हलवत होता, कंपनीत साहेब बोलताना हलवतात तशी. मी आईकडे पाहिलं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"पोरी, मी पहिल्याच दिशी बोलले व्हते, त्या औषधात हात घालू नको," आई म्हणाली. "ज्यानं मणी फुगतो, त्यानं गाठ नाय का फुगणार?"

खरं सांगतो, माझ्याही डोक्यात तेच होतं. द्राक्षवाल्याच्या घरात दुसरं काय येणार डोक्यात? ज्या पाण्यात तुम्ही दर हंगामाला कोपरापर्यंत हात बुडवलेत, ते पाणी कशासाठी असतं? वाढीसाठी. आणि तुमच्या अंगात काय झालं? वाढ. गावात ज्याला त्याला हेच वाटलं. तोंडावर कुणी बोललं नाही एवढंच.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आई, तो झाडाचा निरोप आहे. माझ्या पेशींत तो ऐकणारा कुणी नाही." आईनं ऐकलं नाही. तुमचं डिपिंग बंद झालं. आणि मी त्या हंगामात, कुणाला न सांगता, तुमची ओळ सोडून दिली. पाटाच्या कडेची, जी तुम्ही नेहमी स्वतः बुडवायचात, ती. बाकी सगळी बाग बुडवली, ती ओळ कोरडी ठेवली. का, ते मला धड सांगता येणार नाही. नवस नव्हता, पण नवसासारखंच काहीतरी. एवढे घड मी सोडतो, तू हिला सोड, असं.

मण्यांत पाणी उतरून ते मऊ पडायच्या सुमारास तुम्ही आलात, ओळीत शिरलात, आणि लहान लहान गोल मणी पाहून थांबलात. तुम्हाला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गाठ निघाली तेव्हाही नाही.

"हे काय केलंत? इतकी वर्षं मी तुम्हाला काय सांगत होते?"

"राहू द्या ना एक वळ," मी म्हणालो. "काय बिघडलं?"

"मला काही झालं म्हणून तुमच्या बागेला शिक्षा? तुमच्या बागेनं मला काहीही केलेलं नाही, भाऊजी."

"मग कुणी केलं?"

तुम्ही घडावरचा हात काढून घेतलात. "कुणीच नाही."

"आसं कसं कुणीच नाही?"

"एका पेशीच्या दोन होतात तेव्हा ती डीएनएतला सगळा मजकूर पुन्हा उतरवून घेते. उतरवताना कधीतरी चूक राहते. ती चूक नेमकी ऐकणाऱ्याच्या किंवा थांबवणाऱ्याच्या जागी पडली, की झालं. त्यात कुणाचा हात नसतो."

मी म्हणालो हे मला पटत नाही. तुम्ही म्हणालात पटायला वेळ लागेल. ते भांडण तिथंच राहिलं. पुढची कितीतरी वर्षं आपण ते काढलं नाही, पण ते मिटलं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत होतं. मला आजही पटलेलं नाही, वहिनी. कीड पडली तर मी पानाखाली बघतो, अंडी सापडतात. डाऊनीची बुरशी आली तर कुठल्या रात्री दव पडलं ते सांगता येतं. चोर आला तर पाऊल दिसतं. तुमच्यासारखं माणूस उचलून नेलं आणि म्हणायचं कुणीच नाही? त्यापेक्षा बागेवर आळ घेऊन मी ती मुळासकट उपटली असती. ते मला सोपं गेलं असतं.

मधली वर्षं चांगली गेली, हे सांगायला हवं. दादा पहिल्या पाळीला निघायच्या आधी तुमच्या बशीत गोळी ठेवून जायचा. तुम्ही मला फोनवर सांगायचात, "कान बंद आहेत, काळजी नको." तोवर आपल्या घरी फोन आला होता. पुढच्या हंगामापासून मी तुमची ओळ बुडवायला लागलो, तुम्ही पाटावर खुर्ची टाकून बसायचात आणि माझ्या चुका काढायचात. "मग वर धरा, भाऊजी, टोकाचे मणी कोरडे राहिले." त्या वर्षांबद्दल मी कृतज्ञ असायला हवं, असं कीर्तनकार बुवा तेराव्याला म्हणाले. असेन. पण उपाशी माणसाला, परवा जेवलास ना, म्हणण्यासारखं आहे ते.

मग गाठ परत आली. आधी पाठीच्या हाडात, मग इकडे तिकडे. गोळी चालूच होती, एक दिवस चुकली नव्हती. मी सातपूरला आलो तेव्हा तुम्ही पलंगावर टेकून पेपर तपासत होतात. मी विचारलं, गोळी का चालेना? तुम्ही चष्मा काढलात.

"विहिरीवरचा वेल आठवतो?"

मी मान हलवली.

"माझी गाठ आता तशी झालीय. तिला बाहेरच्या निरोपाची गरजच उरली नाही. कुणी न सांगताच ते प्रथिन डीएनएला धरून बसतं. कान बंद करून काय उपयोग, ती कुणाचं ऐकतच नाहीये." तुम्ही हे वर्गात सांगावं तसं सांगितलंत. आणि मग तुमचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला वाटलं होतं भाऊजी, की एकदा कळलं की जिंकता येतं. मला सगळं कळतंय. काय होतंय, कुठे होतंय. बघा ना, काही उपयोग झाला का?"

मी तेव्हा काय म्हणालो? म्हणालो, यंदा धुकं लय पडतंय. वहिनी, मला काहीतरी वेगळं म्हणायचं होतं. ते काय होतं ते मला तेव्हाही सापडलं नाही आणि आज इतकं लिहूनही सापडत नाही.

शेवटचं बोलणं दवाखान्यातलं. आवाज अगदी खाली गेला होता. तुम्ही विचारलंत मणी केवढा झाला. मी म्हटलं बाजरीएवढा. तुम्ही म्हणालात, मग ज्वारी व्हायला वेळ नाही, पाणी तयार ठेवा. थोड्या वेळानं डोळे मिटूनच विचारलंत, "भाऊजी, एवढं औषध देतो आपण, तरी मणी एका मापाला थांबतो. पाणी उतरतं, मऊ होतो, गोड होतो. त्याला आतून कोण सांगतं हो, आता पुरे?"

तुम्ही मला विचारत होतात की शिकवत होतात, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तुम्हाला झोप लागली होती. ते उत्तर राहिलं.

आता परवाचं सांगतो. बाया ओळींत लागल्या होत्या. मुक्ता माझ्यामागून बागेत आली. आठवीत गेली, तुमच्याएवढी उंच झाली, तुम्हाला मी काय सांगतोय. तुमच्या ओळीजवळ येऊन तिनं बादलीतला मग उचलला. आई घरातून ओरडली, "मुक्ते, ठेव तो मग! त्याला हात लावायचा नाय!" मुक्तानं मग ठेवला नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काका, आई म्हणायची बागेनं तिला काही केलं नाही."

"हां."

"मग कुणी केलं?"

अगदी तोच प्रश्न. त्याच ओळीत. ती तुमच्यासारखी चिडलेली नव्हती, तिला नुसतं हवं होतं, कुणीतरी सांगावं. मी काय सांगायचं होतं? मला वाटतं तेच सांगायचं होतं का, की बागेनं केलं असेल, तो मग ठेव, घरी जा, आजीच्या जवळ बस? तसं सांगितलं असतं तर ती आयुष्यभर या मातीला घाबरली असती. स्वतःच्या हातांनाही.

"कुणीच नाही," मी म्हणालो.

वहिनी, तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला त्यातलं एक अक्षरही पटलेलं नव्हतं. अजून नाही. पण मी ते असं म्हणालो, जसं मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुम्हीही त्या दिवशी असंच म्हणाला होतात का? तुम्हाला तरी पटलं होतं का? की माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला होतात? हे आता कोण सांगणार मला?

मुक्तानं घडाखाली मग धरला. मी तिला हातमोजे दिले, तिनं ते खांद्यावर टाकले आणि उघड्या हातानंच काम धरलं. पहिल्याच घडाला तिनं मग कमी वर घेतला. मी म्हटलं, वर धर बाळा, टोकाचे मणी कोरडे राहिले. तिनं वर धरला. आई ओट्यावर येऊन उभी राहिली होती, पण ओरडली नाही. कमरेच्या किल्ल्या मुठीत धरून नुसती बघत होती.

तुमची सगळी ओळ आम्ही दोघांनी बुडवली. काही दिवसांत त्या मण्यांत फरक दिसायला लागेल. निरोप आत जाईल, या हातातून त्या हातात, नेमक्या जागी पोचेल, कप्पे उघडतील. तुम्ही सांगितलंत तसंच होईल. मण्याला ऐकू येतं.

मी इतका वेळ बोलतोय. मोठ्यानं बोललो, भांडलो, प्रश्न विचारले. तुम्हीच म्हणाला होतात, आत ऐकणारा नसेल तर बादलीभर ओता, काही होणार नाही.

ओततोय, वहिनी.